इंडिकेटरचा स्विच अडकतो, दाबूनही बंद होत नाही: उघडून साफ करावा की बदलावा?

खारावारा (मालवण)

वडिलांकडे २०१० सालची १०० सीसीची मोटरसायकल आहे आणि आठवड्यातून दोनदा होणारी त्यांची कणकवलीची फेरी आजही तिच्यावरच होते. गेल्या पावसाळ्यात गाडी जवळजवळ दोन महिने पडवीत उभी होती. त्यानंतर डाव्या हँडलवरचा इंडिकेटरचा स्विच जड झाला. बटण उजवीकडे सरकवले की इंडिकेटर लागतो, पण बटण आपणहून मधोमध परत येत नाही, आणि बंद करण्यासाठी आत दाबले तर नेहमीचा ‘टक’ असा आवाज न होता ते नुसते मऊ दबते.

मागच्या आठवड्यात कसालला महामार्गावरून मालवणच्या रस्त्याला उजवीकडे वळल्यावर वडिलांनी बटण दाबले आणि इंडिकेटर बंद झाला असे समजून ते पुढे निघाले. भर उन्हात मीटरवरचा दिवा दिसत नव्हता. दोन-तीन किलोमीटर उजवा इंडिकेटर तसाच लुकलुकत राहिला आणि हे आता उजवीकडे वळणार असे धरून मागचा टेम्पो डावीकडून पुढे घुसला. थोडक्यात निभावले, परंतु तेव्हापासून मला स्वस्थ बसवत नाही.

गावातल्या एका गॅरेजमध्ये स्विचच्या फटीतून गंज सोडवणारा स्प्रे मारून दिला. चार दिवस बटण लोण्यासारखे चालले आणि पाचव्या दिवशी पूर्वीपेक्षा अधिक अडकू लागले. आता पूर्ण स्विच बदलावा असे ते सांगतात. चेन, प्लग आणि ब्रेक शू मी घरीच बदलतो, पण विजेच्या भागाला कधी हात लावलेला नाही. हा स्विच उघडण्यासारखा असतो का, आणि आत नेमके काय बिघडलेले असेल?

जुनापाना

उघडण्यासारखा असतो, आणि तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून आतले काही मोडलेले असेल असे मला वाटत नाही. प्रथम रचना समजून घ्या, म्हणजे उघडताना भीती वाटणार नाही. बटणाच्या मागे प्लॅस्टिकची एक लहान सरकपट्टी असते आणि तिच्यावर पितळी किंवा तांब्याचा संपर्काचा तुकडा बसवलेला असतो. पट्टीच्या पोटात स्प्रिंग आणि तिच्या टोकाला हरभऱ्याहूनही लहान पोलादी गोळी असते. ही गोळी डावी, मधली आणि उजवी अशा तीन खाचांपैकी एकीत बसते, आणि तुम्हाला ऐकू येणारा ‘टक’ तो तिचाच. बटण आत दाबले की पट्टी मधल्या खाचेकडे ढकलली जाते. कारखान्यात भरलेले ग्रीस पंधरा वर्षांत सुकून डिंकासारखे होते, त्यात धूळ मिसळते, कोकणात खारी हवाही भर घालते, आणि मग स्प्रिंगचा जोर त्या चिकट्याला पुरत नाही.

स्प्रेने चार दिवस बरे वाटले त्याचेही कारण हेच आहे. तो स्प्रे मुख्यतः ओल हटवणारे पातळ द्रव्य असते. त्याने जुने ग्रीस सैल होते, पण बाहेर पडत नाही. द्रव्य उडून गेले की तोच चिखल नव्या धुळीसह पुन्हा घट्ट बसतो. म्हणून फटीतून काहीही मारण्यापेक्षा एकदा नीट उघडणे हाच उपाय आहे.

उघडण्याआधी मात्र एक परीक्षा जरूर करा. स्विचच्या दोन अर्ध्या कवचांना जोडणारे स्क्रू अर्धा-अर्धा फेरा सैल करून बटण चालवून पाहा. कोणीतरी क्लचची केबल किंवा ग्रिप बदलताना हे स्क्रू फार आवळले असतील, किंवा कवचातली खुंटी हँडलच्या भोकात न बसता काठावर चढली असेल, तर कवच वाकून सरकपट्टी चिमटली जाते. ग्रिपचे रबर सरकून बटणाला टेकले आहे का, तेही बघा. अशा वेळी साफसफाई करून उपयोग होत नाही आणि माणूस उगीच स्विचला दोष देत बसतो.

तसे नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा. फुलीच्या खाचेचे स्क्रू नेमक्या मापाच्या स्क्रू ड्रायव्हरनेच सोडवा, कारण घसरलेल्या ड्रायव्हरने त्यांची डोकी झिजली की पुढचे सगळे अवघड होते. कवच उघडताच तारांचे आणि आतल्या मांडणीचे फोटो काढा. इंडिकेटरचा भाग सुटा करताना हात आणि स्विच दोन्ही एका मोठ्या पारदर्शक पिशवीत ठेवा, कारण पट्टी सुटली की गोळी आणि स्प्रिंग उडतात आणि पडवीतल्या मातीत ती गोळी सापडत नाही.

सगळे भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने जुन्या टूथब्रशने धुवा. मोबाइल दुरुस्त करणाऱ्यांकडे ते मिळते. पेट्रोल किंवा थिनर वापरू नका. थिनरने प्लॅस्टिक पांढरे पडून तडकते, आणि पेट्रोलची वाफ कवचात राहिली तर संपर्काच्या ठिणगीने पेट घेण्याचा धोका असतो. सुकल्यावर गोळीच्या खाचांत आणि सरकण्याच्या वाटेवर पांढरे लिथियम ग्रीस लावा, तेही तांदळाच्या दाण्याएवढेच. चाकाच्या बेअरिंगचे जाड ग्रीस भरू नका.

तारजोड

वरील उत्तराशी मी सहमत आहे. फक्त संपर्काच्या तुकड्यांबद्दल थोडे लिहितो, कारण किनाऱ्यावरच्या गाड्यांत खरी झीज तिथे होते. पितळेची भांडी जशी कळकतात तसाच हिरवट कळंक या तुकड्यांवर चढतो. पुढचा आणि मागचा असे १० वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर मिळून सुमारे १.७ अँपिअर प्रवाह घेतात, आणि तो सगळा या लहानशा जागेतून जातो. कळंकामुळे तिथे विरोध वाढला की दिवे मंद पेटतात, लुकलुकण्याची गती बिघडते आणि संपर्क तापून भोवतालचे प्लॅस्टिक मऊ होते. प्लॅस्टिक वितळून वाकलेले दिसले, तर मात्र साफसफाईचा आग्रह सोडून स्विच बदलावा.

कळंक काढायला साधा खोडरबर पुरतो. फारच जाड थर असेल तर १००० नंबरचा पॉलिश पेपर अगदी हलक्या हाताने फिरवा. जाडाभरडा कागद वापरला तर वरचा मुलामा निघून जातो आणि पुढच्या पावसाळ्यात तोच भाग दुप्पट वेगाने कळकतो. साफ केल्यानंतर संपर्कावर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा (विजेच्या जोडांना ओलीपासून जपणाऱ्या ग्रीसचा) पुसटसा हात द्यावा.

घाटरस्ता (कोल्हापूर)

मला येथे वेगळे मत मांडावेसे वाटते. आपला अनुभव तारांचा नाही आणि गाडी वडील चालवतात, म्हणजे दुरुस्ती अर्धवट राहिली तर धोका त्यांना आहे. १०० सीसीच्या गाड्यांचे स्विच फार महाग नसतात आणि बदलणे म्हणजे हेडलाइटमागचा कपलर (तारांचा प्लॅस्टिकचा जोड) काढून नवा जोडणे एवढेच काम असते. मी माझ्या गाडीचा स्विच एकदा साफ केला, तो आठ महिने चालला, आणि अखेरीस नवाच घ्यावा लागला.

जुनापाना

आठ महिन्यांत पुन्हा अडकला असेल तर बहुधा गोळीची खाच झिजलेली असावी, आणि तेव्हा बदलणे योग्यच होते. परंतु बाजारात मिळणाऱ्या स्वस्त नकली स्विचमध्ये गोळी सैल आणि संपर्क पातळ असतात, असे मी अनेकदा उघडून पाहिले आहे. बदलायचाच असेल तर गाडीच्या कंपनीचा मूळ भाग घ्यावा, आणि कपलरचा आकार व तारांचे रंग जुन्याशी ताडून पाहावेत. तरीही आधी उघडून पाहण्यात एक तास खर्च होईल आणि काय बिघडले ते डोळ्यांनी दिसेल, म्हणून माझा सल्ला तोच आहे.

खारावारा (मालवण)

रविवारी सकाळी उघडला. स्क्रू सैल करून फरक पडला नाही. आत काळ्या मेणासारखा थर होता आणि गोळी त्यात रुतून बसली होती. ती सुईने उचलावी लागली. स्प्रिंग गंजली होती पण तुटली नव्हती, खाचा शाबूत होत्या आणि प्लॅस्टिक कुठेही वितळलेले नव्हते. उजव्या बाजूच्या संपर्कावर हिरवा थर होता तो खोडरबरानेच निघाला. सगळे मिळून दीड तास लागला. आता बटण सोडले की मधोमध येते आणि दाबल्यावर ‘टक’ पडवीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येतो. वडिलांनी दहा-बारा वेळा दाबून पाहिले आणि मगच चहाला बसले.

एक शंका उरली आहे. डावा इंडिकेटर पूर्वीसारखा चालतो, पण उजवा फार घाईने लुकलुकतो. माझ्याकडून जोडणीत काही चुकले आहे का?

तारजोड

जोडणी चुकली असती तर बाजू बदलली असती किंवा दिवा लागलाच नसता. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर (दिवे लुकलुकवणारा भाग) असलेल्या बहुतेक गाड्यांत एका बाजूचा एक दिवा गेला की प्रवाह कमी होतो आणि गती वाढते. उजवीकडचे पुढचे आणि मागचे दोन्ही दिवे पाहा. एक जळालेला असेल तर १० वॅटचाच घाला. दोन्ही पेटत असतील तर त्यांचे वॅट तपासा आणि दिव्याच्या खोबणीतला कळंक काढा. नंतर घड्याळ लावून मोजा: मिनिटाला ६० ते १२० या दरम्यान लुकलुकायला हवे.

खारावारा (मालवण)

मागचा उजवा दिवा जळालेला निघाला. नवा घातल्यावर दोन्ही बाजू मिनिटाला ८४ वेळा लुकलुकतात. सर्वांचे मनापासून आभार.