मालमत्तेचा हक्क उपजत की कायद्याने दिलेला?

रानवाट:
1978 च्या 44व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला. उरलं अनुच्छेद 300अ: कायद्याच्या अधिकाराशिवाय कुणाची मालमत्ता हिरावता येणार नाही. मग कायदा केला की हक्क संपला? ज्यानं रान तोडून शेत केलं, त्याचा स्वतःचा असा हक्क उरतो का?

दस्तऐवज:
कायदाच हक्क घडवतो आणि मोडतोही. मुदत कायदा 1963 बघा. दुसऱ्याचा ताबा प्रतिकूल, म्हणजे मालकाच्या परवानगीविना आणि त्याचा हक्क नाकारून उघडपणे धरलेला, झाल्यापासून 12 वर्षांत मालकाने दावा लावला नाही (परिशिष्टातला अनुच्छेद 65), तर कलम 27 प्रमाणे त्याची मालकीच संपते. उपजत हक्क असा तारखेवर संपेल का? अर्थात नुसतं 12 वर्षं राहून भागत नाही. भाडेकरू, राखणदार परवानगीने असतात, सहहिस्सेदाराचा ताबा सगळ्यांच्या वतीने धरतात; बरेच दावे इथेच पडतात.
सातबाराचा तर नेहमीचा घोळ. फेरफार, म्हणजे नोंदीतला नावबदल, मंजूर झाला म्हणजे मालकी आली असं नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 157 ने नोंद फक्त विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानतात.

जुनीपोथी:
पण प्रतिकूल ताब्यात कायदा वहिवाटीच्याच मागून चाललाय की! विज्ञानेश्वराने मिताक्षरेत, म्हणजे याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या टीकेत, हाच वाद घातलाय: स्वत्व (मालकी) शास्त्रावरून ठरतं की लौकिक, म्हणजे लोकव्यवहारातून आलेलं, आहे? त्याचा कौल लौकिक. कारण शास्त्र ठाऊक नसलेले सीमेवरचे लोकही खरेदी-विक्री करतात. मनुस्मृतीतही (9.44) शेत झाडांचे खुंट काढणाऱ्याचं म्हटलंय. मात्र लौकिक म्हणजे उपजत नव्हे. चार लोकांनी मानलं म्हणून ते टिकतं. तुम्ही दोघांनी हा तिसरा पर्याय सोडलात.

गटनंबर:
रानवाट, 300अ इतकं पोकळ नाही. 2024 मध्ये कोलकाता महापालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात सात गोष्टी येतात असा अर्थ लावला. नोटीस, सुनावणी, सकारण निर्णय, सार्वजनिक हेतू, वाजवी भरपाई या त्यांतल्याच.
रान तोडलेल्याचं म्हणाल तर वनहक्क कायदा 2006 लागतो. ताबा 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा हवा, क्षेत्र प्रत्यक्ष कसलेलं आणि जास्तीत जास्त 4 हेक्टर. दावा ग्रामसभेकडे करायचा, किमान दोन पुरावे जोडून: सरकारी कागद, जुने बांध-घर, गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाब. बिगर-आदिवासींना तीन पिढ्यांची, म्हणजे 75 वर्षांची वस्ती दाखवावी लागते, आणि दावे अडकतात ते तिथे. मिळालेली जमीन वारसाला जाते, विकता येत नाही.