प्रतिसाद: रंग गडद झाला म्हणून शार्डोने ओतून देऊ नका

वर एकाने लिहिलंय की दहा वर्षांची शार्डोने, म्हणजे त्या नावाच्या द्राक्षांची पांढरी वाइन, पेल्यात गडद सोनेरी दिसली, म्हणजे ती गेलीच. थोडं थांबा. लाल वाइन वयानुसार फिकी होते, पांढरी गडद होत जाते. आधी वास घ्या. भाजलेलं हेझलनट, मध, किंचित अळंबी, आणि जिभेवर आंबटपणा अजून जिवंत असेल तर बाटली उत्तम आहे. चिरून काळवंडलेल्या सफरचंदाचा वास आणि बोथट चव, हे मात्र ऑक्सिडेशन, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनने वाइन बिघडणं. फ्रान्समधल्या बर्गंडीच्या १९९५-९६ पासूनच्या कित्येक पांढऱ्या वाइन्सना त्याने अकाली गाठलं; एकाच खोक्यातली एक बाटली सुरेख, शेजारची मेलेली.

आणि कृपा करून फ्रीजमधून काढल्या काढल्या चाखू नका! इतक्या गारव्यात वास उमलतच नाही. १२-१३ अंशांवर येऊ द्या. मुंबईच्या मे महिन्यात त्याला कितीसा वेळ लागतो? मोठ्या पेल्यात थोडीच ओता, अर्धा तास थोडी थोडी घेत राहा.

खरी अडचण साठवणीची. आपल्या फ्लॅटच्या माळ्यावर ती मुरत नाही, उकाड्याने खचते. वाइन कॅबिनेट (वाइन थंड ठेवणारं कपाट) नसेल तर घरी जुनी करण्याच्या भानगडीत न पडलेलं बरं.