प्रतापनगरचा मायाळू आणि कूलरचं पाणी

प्रतापनगरहून ताई:
मंडळी, मी सध्या नागपुरात आईकडेच आहे. गच्चीवर कुंडीत मायाळू, म्हणजे पालेभाजीचा वेल आहे, त्याला आम्ही रोज कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी घालून राहिलो. वेल वाढतोय, पण जुन्या पानांच्या कडा करपून कुरकुरीत झाल्या, कुंडीच्या काठावर पांढरा थर आलाय. हिरवी जाळी बांधलेलीच आहे. आई म्हणते, ऊन लागलं. पुढच्या आठवड्यात मी निघते, त्याआधी सांगा.

धरमपेठवाले काका:
ऊन नाही, पोरी, पाणी. मे महिन्यात पालक-मेथी मान टाकतात, तेव्हाच हा वेल जोर धरतो. कूलरमधल्या पाण्याची वाफ होते, क्षार टाकीतच राहतात. वरून भर घालत गेलं की ते वाढतच जातात. खसाच्या ताट्यांवर बसतो तोच थर तुझ्या कुंडीत उतरलाय. वरची दोन बोटं माती काढून टाक, नळाचं पाणी तळाच्या भोकातून वाहीपर्यंत दे. खालच्या ताटलीत साचलं तर लगेच ओतून टाक, नाहीतर क्षार परत वर चढतात.

वहिनी (मनीषनगर):
काका, उन्हाळ्यात पाणी फेकायचं म्हणजे जिवावर येतं हो. आमच्याकडे ते अंगणातल्या कडुनिंबाला जातं, काहीच बिघडलं नाही. गेल्या वर्षी बागेच्या चर्चेतही मी हेच लिहिलं होतं.

धरमपेठवाले काका:
वहिनी, कडुनिंब जमिनीत आहे, पावसाळ्यात क्षार खाली धुऊन जातात. कुंडीतले कुठे जाणार? टाकी मात्र आठवड्याला पूर्ण रिकामी करून घासाच, डासांसाठीही.

अजनीचा दादा:
लाल देठाचा आहे की हिरवा? आमच्या घरी लाल देठाच्या पानांचीच भजी करतात, बेसनात ओवा घालून. आणि डाळभाजीत मायाळू घालू नका, तिथे पालकच हवा.

वहिनी:
का नको? चणाडाळ, शेंगदाणे आणि मायाळू, चिंच थोडी जास्त. बुळबुळीतपणा राहत नाही. ताई, शेंडे खुडत राहायला सांग, बाजूने फुटवे येतात. दिवाळीच्या सुमारास दिवस लहान झाले की वेल फुलावर जातो आणि पानं बारीक होतात, तोवर भरपूर खाऊन घ्या.

प्रतापनगरहून ताई:
हिरवा आहे, दादा. माती काढली, बाबा आता नळाचंच पाणी देताहेत. करपलेली पानं पुन्हा हिरवी होणार नाहीत, म्हणून तोडली. नवीन पानांवर लक्ष ठेवायला सांगितलंय. छाटलेल्या वीतभर काड्या पाण्यात ठेवल्या आहेत, मुळं फुटतील. नागपुरात कोणाला हव्या असतील तर शनिवारपर्यंत घरी या.