चौकात अडकलेला शर्मन: ‘फ्युरी’चा शेवट पटतो का?

दांडियाबाजार

रविवारी रात्री आमच्या वाड्याच्या चौकात पडदा लावून आम्ही आठ जणांनी ‘फ्युरी’ पाहिला. संपल्यावर सेव-उसळ तशीच गार झाली आणि दीड वाजेपर्यंत वाद चालला. तो अर्धवट राहिला म्हणून इथे, आपल्या बडोदेकरांच्या चर्चेत, मांडतो; नावं नेहमीसारखी टोपणच.

न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. चित्रपट २०१४चा, दिग्दर्शक डेव्हिड आयर. एप्रिल १९४५, जर्मनी, युद्ध संपत आलेलं. एक अमेरिकन शर्मन रणगाडा आणि त्यातली पाच माणसं: कमांडर कॉलियर (ब्रॅड पिट), गनर, लोडर, ड्रायव्हर आणि मेलेल्या सहायक ड्रायव्हरच्या जागी आलेला नॉर्मन, जो कालपर्यंत टायपिस्ट होता. एक चौक राखायला चार शर्मन निघतात. तो चौक गेला तर मागचा पुरवठ्याचा ताफा उघडा पडेल. वाटेत एक टायगर, म्हणजे जर्मनांचा अवजड रणगाडा, त्यातले तीन संपवतो. उरलेला फ्युरी, म्हणजे कॉलियरचा रणगाडा, चौकात पोचतो, सुरुंगावर जातो, ट्रॅक (चाकांभोवतीचा लोखंडी पट्टा) तुटतो. एसएसचे (हिटलरच्या नाझी पक्षाच्या फौजेचे) तीनशेच्या आसपास सैनिक चालत येताना दिसतात. कॉलियर म्हणतो, मी इथेच राहणार. बाकीचेही राहतात.

माझं मत सांगतो. तोवरचा चित्रपट मला फार आवडला. रणगाड्याच्या आतलं काम इतक्या जवळून दाखवलेलं मी क्वचितच पाहिलंय. धूर, तेल, गरम पितळी टरफलं, कोपरं आपटत गोळा भरणारा लोडर. नॉर्मनच्या मशीनगनला नेम धरायची सोयच नव्हती, हे किती जणांना ठाऊक आहे? खऱ्या शर्मनमध्ये सहायक ड्रायव्हर पेरिस्कोपमधून बाहेर बघायचा आणि ट्रेसर (उडताना उजळणाऱ्या गोळ्या) कुठे पडतात त्यावरून बंदूक हलवायचा. त्या नवख्या पोराचं गांगरणं म्हणूनच खरं वाटतं.

पण शेवट नाही पटला. न हलणारा रणगाडा, रात्रीची वेळ, समोर पॅन्झरफाउस्ट, म्हणजे एकट्या माणसाने हातात धरून डागायचं रणगाडाविरोधी शस्त्र, बाळगणारं पायदळ. १९४५ सालचा पॅन्झरफाउस्ट २०० मिलिमीटरच्या आसपास चिलखत भेदायचा, शर्मनची कुठलीही बाजू त्यापुढे टिकली नसती. चार-पाच माणसं अंधारात साठ मीटरवर आली की काम संपलं. अनुभवी क्रू अशा वेळी तोफ निकामी करतो, मशीनगन उतरवतो आणि कुंपणाआड जाऊन बसतो. कॉलियर आफ्रिकेपासून लढत आलेला माणूस दाखवलाय. त्याच्या हातून हे होणार नाही.

फत्तेगंज

साफ नामंजूर. असं प्रत्यक्षात घडलेलं आहे, आणि त्याच वर्षी. २६ जानेवारी १९४५, फ्रान्समधलं होल्ट्झविअर. ऑडी मर्फी नावाच्या तरुण लेफ्टनंटने आपल्या माणसांना मागे पाठवलं, स्वतः एका जळत्या एम-१० रणगाडाविरोधी गाडीवर चढला आणि तिच्यावरच्या मशीनगनने तासभर जर्मनांना थोपवून धरलं. समोर सहा रणगाडे आणि पायदळ होतं. ती गाडी कुठल्याही क्षणी उडाली असती. त्याला मेडल ऑफ ऑनर, अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं. हे पडद्यावर दाखवलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, फारच झालं.

आपल्याकडचं सांगू? १६ डिसेंबर १९७१, पाकिस्तानविरुद्धची बसंतरची लढाई, पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, वय २१. त्याच्या सेंच्युरियन रणगाड्याला आग लागली, वरून हुकूम आला की रणगाडा सोड. त्याने वायरलेसवर कळवलं की तोफ अजून चालते आहे, सोडणार नाही. तोफ चालेपर्यंत तो शत्रूचे रणगाडे टिपत राहिला. परमवीर चक्र. शहाणा माणूस असं वागत नाही हे तुमचं म्हणणं मग त्यालाही लागू करणार का?

दांडियाबाजार

खेत्रपालांचं नाव आलं म्हणजे जपून लिहायला हवं, आणि जपूनच लिहितोय. त्यांच्या निर्णयामागे कारण होतं. समोरून पाकिस्तानचे पॅटन रणगाडे येत होते, आपले बाकीचे रणगाडे निकामी झालेले, आणि ते मागे फिरले असते तर फळीला भगदाड पडलं असतं. रणगाड्यासमोर रणगाडा होता आणि तोफेला काम होतं. मर्फींचं म्हणाल तर त्यांच्या हातात टेलिफोन होता. मागच्या तोफखान्याला ते गोळे कुठे टाकायचे ते सांगत होते, आणि जर्मनांना खरं रोखलं त्या गोळ्यांनी. कॉलियरच्या मागे कोणीच नाही. टायगरच्या चकमकीनंतर त्याचा रेडिओ बंद आहे.

फत्तेगंज

रेडिओ बंद आहे म्हणूनच तर तो थांबला! ताफ्याला सावध करायला दुसरा मार्गच उरला नव्हता. तुम्ही स्वतः वर लिहिलंत की मागे पुरवठ्याचा ताफा आहे, आणि आता म्हणता कारण नाही.

मकरपुरा

शेवटावर एवढं भांडताय, पण माझ्या मते खरी चूक टायगरच्या प्रसंगात आहे. मी लेथवर काम करतो, पोलाद हा माझा रोजचा विषय, त्यामुळे मला तोच प्रसंग सलतो.

आधी चांगलं सांगतो. तो टायगर खरा आहे. ब्रिटनच्या बोव्हिंग्टन संग्रहालयातला टायगर १३१, एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती लागलेला. गोळ्याने त्याचं टरेट (तोफेचा फिरता बुरूज) अडकलं आणि क्रू सोडून गेला. (त्या काळात आपली चौथी भारतीय डिव्हिजनही ट्युनिशियातच लढत होती, हे आपल्याकडे फार कमी लोक जाणतात.) चालू स्थितीतला टायगर जगात हा एकच, त्यामुळे पडद्यावर ते ५७ टन लोखंड चालताना पाहून माझ्या अंगावर काटा आला.

आता चूक. टायगरची ८८ मिलिमीटरची तोफ हजार मीटरवरून शर्मनची पुढची बाजू फोडते. स्वतःचं पुढचं चिलखत १०० मिलिमीटर. असा रणगाडा झाडीत लपलेला आहे, समोर उघड्या शेतात चार शर्मन. मग तो झाडी सोडून पुढे का येतो? जागेवर बसून चौघांनाही टिपलं असतं. त्याने पुढे यायचं, कारण दिग्दर्शकाला शर्मन त्याच्या पाठीमागे न्यायचा आहे. बाकी, पाठीमागून मारणं बरोबरच आहे. फ्युरीवर ७६ मिलिमीटरची लांब नळीची तोफ आहे आणि टायगरचं मागचं चिलखत ८० मिलिमीटरचं, एवढ्या जवळून ते फुटणारच.

आणखी एक. टायगर एकूण साडेतेराशेच्या आसपास बनले, शर्मन ४९ हजारांहून जास्त. १९४५च्या एप्रिलमध्ये पश्चिम आघाडीवर टायगर दिसणं दुर्मिळ होतं. शर्मनना खरा धोका होता तो लपवलेल्या रणगाडाविरोधी तोफा, सुरुंग आणि पॅन्झरफाउस्ट यांचा. चित्रपटात एक कोवळा पोरगा पॅन्झरफाउस्ट मारून पहिला रणगाडा जाळतो ना, तो प्रसंग टायगरपेक्षा कितीतरी खरा आहे.

दांडियाबाजार

टायगरबद्दल पूर्ण सहमत, थोडी भर घालतो. शर्मन धुराचे गोळे मारतात, त्यामुळे टायगरचं दिसणं बंद होतं. धुराआडून कोणी बाजूला येईल या भीतीने तो हलला, असं समजून घेता येतं. पण मग मागे हलायला हवं होतं.

सुरसागर

ट्रेसरबद्दल कोणी बोललं नाही. हिरव्या-लाल रेघा बघून आमच्या घरातली मुलं म्हणाली, हे तर अंतराळातलं युद्ध. मला तो रंगांचा खेळ अति वाटला.

मकरपुरा

तो खरा आहे. अमेरिकन ट्रेसर लाल असायचे, जर्मनांकडे हिरवेही होते, आणि तोफेच्या चिलखतभेदी गोळ्यालाही मागे ट्रेसर असतो, गनरला गोळा कुठे गेला ते दिसावं म्हणून. सवय नाही म्हणून डोळ्यांना खोटं वाटतं.

अलकापुरी

मी सगळं वाचलं. मिलिमीटर, टन, मीटर. पण नॉर्मनच्या हातात पिस्तूल देऊन त्याच्याकडून कैद्याला मारवलं जातं, त्यावर एवढ्या चर्चेत एक ओळ नाही. त्या कैद्याने शरण येऊन हात वर केले होते. १९२९च्या जिनिव्हा करारानुसार हा गुन्हा होता, आणि चित्रपट तो आपल्या नायकाच्या हातून घडवतो. कॉलियर त्या पोराचा हात धरून चाप ओढतो. मला तो प्रसंग बघवला नाही, तरी म्हणते की तो हवाच होता. युद्धाचा इतिहास आवडतो म्हणणाऱ्या माणसाने तिथे नजर चोरू नये.

आणि शेवटाबद्दल. दांडियाबाजार म्हणतात तसा क्रू कुंपणाआड गेला असता तर एक गोष्ट राहून गेली असती. सगळे मेल्यावर नॉर्मन रणगाड्याच्या पोटातल्या दारातून खाली सरकतो आणि ट्रॅकच्या मध्ये चिखलात पडून राहतो. एसएसचा एक तरुण सैनिक दिव्याच्या उजेडात त्याला बघतो. बघतो आणि निघून जातो, कोणाला सांगत नाही. सुरुवातीला नॉर्मनकडून जे करवून घेतलं, त्याच्या बरोबर उलट शत्रूच्या पोराने केलं. ही जागा मिळवण्यासाठी दिग्दर्शकाने रणनीती वाकवली असेल, तर मी ती चूक मानत नाही.

दांडियाबाजार

ताई, कैद्याचा प्रसंग मी गाळला, तुमचा राग रास्त आहे. मी रणगाड्याकडेच बघत बसलो. पण एसएसच्या त्या पोराबद्दल माझा प्रश्न आहे: आपल्या इतक्या साथीदारांना मारणाऱ्या रणगाड्याखालचा माणूस तो सोडेल? मला तिथेही लेखकाचा हात दिसला.

अलकापुरी

सोडेल की नाही हे मी ठरवू शकत नाही, तुम्हीही नाही. अशा जागी कोण काय करेल ते मिलिमीटरमध्ये मोजता येत नाही.

जुना वर्कशॉप

मुलांनो, उशिरा लिहितोय. माझी नोकरी ईएमईमध्ये झाली, म्हणजे सैन्याची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरमध्ये. शिकलो इथेच, आपल्या बडोद्याच्या ईएमई स्कूलमध्ये, आणि पुढे विजयंत आणि टी-५५ या रणगाड्यांवर हात काळे केले. नातवाने परवा चित्रपट लावून दिला.

सगळे विचारताय, त्या चौकात मरण्यासारखं काय होतं. चौकाच्या मागे कोण होतं ते बघा. पुरवठ्याचा ताफा म्हणजे स्वयंपाकी, डॉक्टर, पेट्रोलचे ट्रक, कारकून, आणि आमच्यासारखे फिटर. हातात पाना आणि बाजूला एखादी रायफल. रात्री तीनशे एसएस त्या ताफ्यात शिरले असते तर सकाळी कोणी उरलं नसतं, आणि पुढच्या सगळ्या रणगाड्यांना ना तेल मिळालं असतं ना गोळे. मी आयुष्यभर अशा ताफ्यात बसलोय. पुढे कोणीतरी रस्ता धरून बसलंय, या भरवशावर आम्ही रात्री बॅटरीच्या उजेडात इंजिनं उघडायचो. त्यामुळे कॉलियर थांबला ते मला पटलं. दांडियाबाजार, तू कुंपणाआड जायचं म्हणतोस. पाच माणसं दोन मशीनगन घेऊन कुंपणाआड किती वेळ टिकली असती? गोळ्या लोखंडाच्या आत ठेवलेल्या, माणसंही आतच बरी.

आणि रणगाडे सोडून गेल्याचंही पाहा. १९६५च्या युद्धात पंजाबातल्या असल उत्तरमध्ये आपल्या लोकांनी शेतात पाणी सोडलं, पॅटन रुतले. पाकिस्तानने तिथे ९७ रणगाडे गमावले. त्यातले बरेच चालू स्थितीत सोडून क्रू निघून गेला होता. आपली डेक्कन हॉर्स रेजिमेंट तिथे या चित्रपटातल्यासारख्याच जुन्या शर्मनवर लढत होती, समोर नवेकोरे पॅटन. रणगाडा कोण धरून बसतं यावर फरक पडतो, चिलखत किती जाड यावरच नाही.

फत्तेगंज

काका, हेच मला म्हणायचं होतं, जमलं नाही.

दांडियाबाजार

काका, ताफ्याचं तुमचं म्हणणं मनाला लागलं. मी तो शब्द लिहिला आणि पुढे गेलो, त्यात माणसं आहेत हे डोक्यात आलं नाही. तरी पॅन्झरफाउस्टचा माझा मुद्दा सोडत नाही. तो ताफा वाचवायचाच होता तर एक माणूस मागे पळत पाठवायला हवा होता, नॉर्मनलाच. बाकी चौघांनी रणगाड्यात बसून वेळ काढला असता तर मी एक अक्षर बोललो नसतो.

आता एक विचारू? नॉर्मन टेकडीवर पहारा देत असतो तेव्हा बाकीचे ट्रॅक जोडायच्या खटपटीत असतात. तो जोडून झाला असता का? तसं असेल तर सगळा वाद मिटतो, फ्युरी चालता झाला असता.

जुना वर्कशॉप

नुसता ट्रॅक तुटला असेल तर होतं. शर्मनचं स्प्रॉकेट, म्हणजे ट्रॅक ओढणारं दातेरी चाक, पुढे असतं, आमच्या टी-५५ आणि विजयंतचं मागे, पण रीत तीच. तुटलेल्या कड्या काढायच्या, अंगावर बांधलेल्या जादा कड्या घालायच्या, ट्रॅक जमिनीवर सरळ पसरायचा, तारेने ओढून स्प्रॉकेटवर घ्यायचा, दोन्ही टोकं जॅकने जवळ आणायची आणि कनेक्टर घनाने ठोकून बसवायचे. क्रू मुरलेला आणि जमीन घट्ट असली तर एका दुपारचं काम. चिखल असला की तोच ट्रॅक तुम्हाला खाली ओढतो. आमच्या वेळी एकदा पावसात सकाळी सुरू केलेला ट्रॅक दिवे लागल्यावर चढला होता, आणि आमच्यावर कोणी गोळ्या झाडत नव्हतं.

पण सुरुंग नुसता ट्रॅक तोडून थांबत नाही. सुरुंगावर आलेलं चाक आणि त्याचा आर्मही जातो. शर्मनची चाकं जोडीने बोगीत बसतात आणि बोगी बाहेरून बोल्टने लावलेली असते, म्हणून वर्कशॉपात ती अख्खी बदलता येते. फार सोयीची रचना. चौकात मात्र ना क्रेन, ना नवी बोगी, ना ओढायला रिकव्हरी गाडी. बोगी गेली असेल तर पाच माणसांनी कितीही घन मारले तरी तो हलत नाही.

माझे डोळे आता कमजोर आहेत आणि नातवाचा पडदा लहान आहे. तू परत लावशील तेव्हा सुरुंगाच्या बाजूची पुढची बोगी नीट बघ. चाकं सरळ रेषेत आहेत की एखादं वर उचललंय? तेवढं लिही, मग सांगतो किती वेळ लागला असता.