मदत हवी आहे: झेडस्टँडर्डचं ‘अ‍ॅडाप्ट’ वर चढतं, खाली उतरतच नाही

काटा_नं_२
मंडळी, घाईत लिहितोय. साखर कारखान्यात आयटी बघतो. रात्री ११ ला पोस्टग्रेस डेटाबेसचा डंप (बॅकअपची प्रत) सुरू होतो, पाइपमधून झेडस्टँडर्ड या डेटा दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये जातो आणि तिथून एसएसएचने (सुरक्षित जोडणीने) पुण्याच्या सर्व्हरवर. लाइनचा भरवसा नाही म्हणून त्याचा --अ‍ॅडाप्ट पर्याय लावला, तो दाबण्याची लेव्हल आपोआप बदलतो (वरची लेव्हल म्हणजे जास्त दाबणं, पण हळू). लाइन मोकळी असेल तर भराभर पाठवेल, तुंबली तर जास्त दाबून पाठवेल, असा हिशोब. प्रत्यक्षात तासाभरात लेव्हल १९ ला जाते ती तिथेच बसते. पहाटे पाचला संपतं. चारपासून उसाच्या वजनकाट्यावर गाड्या वाढतात, पावती निघायला उशीर झाला की शिव्या मला. आज रात्रीच्या आत काहीतरी सांगा.

जुनाजाणता
पिगझ (जीझिपचाच अनेक कोअरवाला अवतार), लेव्हल ६. सगळे कोअर वापरतं. विषय संपला. रोज नवीन खेळणी कशाला लावता?

रात्रपाळी
लाइन किती एमबीपीएस? डंप केवढा? कोअर किती? -टी ला (एकाच वेळी किती थ्रेड, म्हणजे समांतर कामं, चालवायची) काय दिलंय? कमाल लेव्हल तुम्ही ठरवलीय का? यातलं काहीच लिहिलेलं नाही, सल्ला कशावर देणार?

काटा_नं_२
लाइन ४० एमबीपीएस. डंप १२० जीबी, साध्या मजकुराच्या फॉरमॅटमध्ये. ४ कोअर, जुना झिऑन. -टी०, कमाल १९ मीच ठेवलंय. ११ वाजता सीसीटीव्हीचं फुटेजही त्याच लाइनवरून जातं, पण ते १२ ला संपतं.

रात्रपाळी
मग झालं की निदान. अ‍ॅडाप्ट एवढंच बघतं की आपण कोणासाठी थांबलोय. पुढे माल जात नसेल तर लेव्हल वाढवतं, कॉम्प्रेशनमुळेच खोळंबा होत असेल तर उतरवतं. ११ ते १२ लाइन फुटेजने भरलेली, म्हणून ते चढलं. १२ नंतर उतरायला हवं होतं. पण दोन किंवा जास्त वर्कर थ्रेड असतील तर ते कमी वेगावर अडकून राहू शकतं, हे मॅन पेजमध्येच (प्रोग्रॅमच्या माहितीपानावर) लिहिलंय. तुमच्या -टी० ने चारही कोअर घेतले, त्यामुळे काट्याच्या सॉफ्टवेअरला उरलं काय?
-व्ही लावून बघा, लेव्हल आणि वेग चालू असतानाच दिसतात.

प्रा_निवृत्त
मुळात ‘अ‍ॅडॅप्टिव्ह’ म्हणजे काय ते समजून घ्यावे. हफमनची पद्धत, म्हणजे जास्त वेळा येणाऱ्या चिन्हाला कमी बिट देणे, १९५२ ची; तिला वारंवारिता आधी माहीत असावी लागते. फॅलर, गॅलेगर आणि क्नूथ यांच्या पद्धतीत प्रत्येक चिन्हागणिक झाड (कोणत्या चिन्हाला कोणते बिट, याची मांडणी) बदलते, १९८७ मध्ये व्हिटर यांनी ती आणखी सुधारली. एकदाच वाचून काम होते, पण दर चिन्हाला झाड हलवणे महाग. झेडस्टँडर्ड म्हणून मधला मार्ग घेते: जास्तीत जास्त १२८ केबीचा ब्लॉक, आणि त्याला एक टेबल, नवे किंवा मागचेच.

काटा_नं_२
सर, माहिती छान आहे, पण मला रात्री ११ ला बॅकअप लावायचाय.

मिरची_मसाला
वेग हवा तर एलझेड४ लावा, तेही दाबणारंच पण वेगवान. झिऑन जुना असला तरी पळतं. आम्ही लॉग्जसाठी तेच वापरतो.

रात्रपाळी
मिरची, त्यांची अडचण ४० एमबीपीएसची लाइन आहे. सेकंदाला ५ एमबी जातात. एलझेड४ ने फाइल मोठी झाली तर तेवढीच ती लाइनवर जास्त वेळ बसेल.
काटा, डंपमध्ये नक्की काय आहे? ऊस नोंदी १२० जीबी होत नाहीत.

काटा_नं_२
गाडी काट्यावर चढली की नंबरप्लेटचा फोटो काढतो. भरलेली गाडी, रिकामी गाडी, दोन्हींचे. ते टेबलमध्येच बायटीया (कच्चे बाइट ठेवणाऱ्या) कॉलममध्ये आहेत. ९० जीबी तेच असतील.

रात्रपाळी
हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं! जेपीईजी आधीच दाबलेला असतो. डंपमध्ये तो हेक्समध्ये (सोळा अक्षरांत) येतो, एका बाइटची दोन अक्षरं. म्हणजे तुमचे ९० जीबी हे मुळात ४५ जीबीचे फोटो. झेडस्टँडर्ड त्यातून फक्त हेक्सची फुगवटी काढतं. सोळाच अक्षरं, प्रत्येकाला चार बिट, काम फत्ते. हे लेव्हल १ लाही होतं आणि १९ लाही. १९ वर ते फोटोंमध्ये नसलेली पुनरावृत्ती शोधत बसतं.
आणि एलझेड४ इथे मार खाईल, कारण त्यात हफमनसारखा टप्पाच नाही. ९० चे जवळपास ९० च राहतील. झेडस्टँडर्डच्या --फास्टवाल्या उणे लेव्हललाही तीच गत, तिथे अक्षरांचं हफमन बंद असतं. (प्राध्यापकांचा प्रतिसाद वाया गेला नाही बघा.)
उरलेल्या ३० जीबीचे ५ धरा. एकूण ५० जीबी, ५ एमबीच्या वेगाने पावणेतीन तास. लाइन भरून ठेवायला आत येणारा डेटा सेकंदाला १२ एमबी पुरे, तेवढं एक कोअर लेव्हल ३ वर सहज करतो. तुमचं पाचला संपतं म्हणजे आत साडेपाचच येतायत आणि लाइन अर्धी रिकामी.
--अ‍ॅडाप्ट=मिन=१,मॅक्स=६ आणि -टी१ करा. --सिंगल-थ्रेड नको, त्यात अ‍ॅडाप्ट चालत नाही.

जुनाजाणता
म्हणजे लेव्हल ६. मी काय वेगळं सांगितलं होतं?

रात्रपाळी
तुमची ६ आणि ही ६ एक नव्हे. जीझिपची खिडकी, म्हणजे पुनरावृत्ती शोधायला मागे बघायची मर्यादा, ३२ केबीची.

जुनाजाणता
फोटोंमध्ये पुनरावृत्तीच नाही म्हणता, मग खिडकी कितीही मोठी असली तरी काय फरक पडतो?

मी_साताऱ्याची
अवांतर: मुलगा इंजिनिअरिंगला लागलाय, त्याला १६ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरेल का? इथे जाणकार दिसताहेत म्हणून विचारलं.

मिरची_मसाला
ताई, पुरेल. फक्त रॅम नंतर वाढवता येईल असा घ्या.

प्रा_निवृत्त
कृपया वेगळा धागा काढावा.

काटा_नं_२
रात्री -टी१ आणि कमाल ६ लावून बघितलं. फुटेजला हलवून १२ नंतर टाकायचं होतं ते विसरलो, तरी सव्वादोनला संपलं. काट्यावर कोणाचा फोन नाही. रात्रपाळी, आभार.

जुनाजाणता
पिगझनेही एवढ्याच वेळात झालं असतं.

रात्रपाळी
या डेटावर, या लाइनवर, साधारण तेवढ्यातच. मान्य. उद्या लाइन १०० ची झाली की बोलू.
काटा, लेव्हलशी खेळून यापुढे फार हाती लागणार नाही. गाळप चालू आहे तोवर फोटो वाढतच राहणार. ते टेबलमधून काढून डिस्कवर ठेवा, रोजचे नवे तेवढे आरसिंकने पाठवा, मग डंप ३० जीबीचाच उरेल. हंगाम संपल्यावर करा, आत्ता हात लावू नका.

काटा_नं_२
ते बघतो. पण आता पुण्याच्या सर्व्हरवरची जागा संपत आलीय. काय करू?

रात्रपाळी
डिस्क केवढी, किती दिवसांच्या प्रती ठेवता, जुन्या कोण पुसतं?