मदत हवी आहे: कॅनन १५००डी, घरातले आणि आरतीचे फोटो हललेले, पिवळे येतात. लेन्स घ्यावी की फ्लॅश?

सांजवात
नमस्कार. कॅमेरा कॅनन ईओएस १५००डी, लेन्स सोबत आलेली १८-५५ एमएम आयएस (हाताचा कंप सावरणारी). दिवसा अंगणात फोटो उत्तम येतात. संध्याकाळनंतर घरात काढलेले बहुतेक हललेले किंवा मऊ येतात आणि सगळ्यावर पिवळी-केशरी झाक असते. काही फोटोंत आडवे फिकट-गडद पट्टेही दिसतात. आतला फ्लॅश उघडला तर मखर चमकतं, मूर्तीमागे काळी सावली पडते आणि समईचा उजेड नाहीसा होतो.

खोली साधारण १० बाय १२ फूट, छत पांढरं. भिंतीवर एक एलईडी ट्यूब, मखरात पिवळे बल्ब आणि एलईडीच्या माळा. डायल पी वर (शटर-अ‍ॅपर्चर कॅमेराच ठरवतो) असतो. गणपतीच्या आधी एकच वस्तू घेता येईल, लेन्स किंवा बाहेरचा फ्लॅश. काय घ्यावं? की सेटिंगच चुकतंय? घर कोकणात आहे, तर पावसाळ्यात कॅमेरा कसा ठेवायचा तेही सांगा.

उजेडमाप
काही घेण्याआधी बिघडलेल्या एका फोटोचे आकडे द्या. फोटो पडद्यावर आणून डिस्प बटण दाबत गेलात की शटर (किती वेळ उघडं), अ‍ॅपर्चर (लेन्स किती उघडी; एफचा आकडा लहान तितकी जास्त), आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) दिसतं. फोटो मोठा करून हेही बघा: फ्रेममधलं सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं आहे, फक्त माणसं आणि हात पुसट आहेत, की मूर्ती मऊ आणि मागचा पडदा मात्र धारदार आहे? तिन्हीला आपण ‘हललेला’च म्हणतो, पण कारणं वेगळी आणि उपायही वेगळे.

सांजवात
१/१३ सेकंद, एफ/५.६, आयएसओ १६००, लेन्स ५५ वर. आरतीच्या फोटोत हात आणि ताट पुसट, शिवाय समईच्या ज्योतीसुद्धा एका बाजूला ओढलेल्या. दोन-तीन फोटोंत मागची माळ स्पष्ट आणि मूर्ती मऊ.

उजेडमाप
म्हणजे तिन्ही गोष्टी होत आहेत. कॅमेरा ठीक आहे.

ज्योती ओढल्यासारख्या दिसतात तो तुमच्या हाताचा कंप. या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्यामुळे ५५ एमएम लेन्स साधारण ८८ एमएमसारखी वागते आणि हाताने धरायला निदान १/९० च्या आसपास शटर हवं. आयएस असल्याने त्याहून कमीवर निभावतं, पण १/१३ वर दर वेळी नाही. शिवाय आयएस फक्त तुमचा हात सावरतो, ओवाळणारा हात नाही. ताट पुसट येतं त्याला वेगवान शटर हाच इलाज.

आता आकडे. ५५ वर ही लेन्स एफ/५.६ पेक्षा जास्त उघडतच नाही, २४ च्या आसपास एफ/४ मिळतं, म्हणजे दुप्पट उजेड. म्हणून झूम न करता दोन पावलं पुढे जा. आयएसओ १६०० वर अडकलंय, कारण ऑटोची कमाल मर्यादा तिथे लावलेली दिसते. ती ६४०० करा, म्हणजे आणखी चौपट. दोन्ही मिळून आठपट, आणि १/१३ चे थेट १/१०० होतात. त्याच खोलीत, त्याच लेन्सने, एक पैसा न घालवता.

मर्यादा मेन्यूतल्या ‘आयएसओ ऑटो’मध्ये बदलते. डायल हिरव्या ऑटोवर असेल तर हा पर्याय दिसणार नाही, पी किंवा टीव्हीवर (डायलवरचं Tv, यात शटर आपण ठरवायचं) हवा. मग डायल टीव्हीवर आणा, शटर १/१०० लावा, आयएसओ ऑटो. अ‍ॅपर्चर कॅमेरा स्वतः उघडेल. व्ह्यूफाइंडरमध्ये अ‍ॅपर्चरचा आकडा लुकलुकू लागला तर लेन्स पूर्ण उघडूनही उजेड कमी पडतोय, तेव्हा १/५० वर या. लोक स्थिर उभे असताना १/५० पुरतं.

आरतीचं ताट फिरताना वर्तुळाच्या टोकाला, जिथे हात दिशा बदलतो, क्षणभर थांबतं. शटर तिथे दाबा. हा कॅमेरा सेकंदाला तीनच फोटो काढतो, त्यामुळे बोट दाबून ठेवून तो क्षण सापडेल या भरवशावर राहू नका. बटण अर्धं दाबून फोकस आधी पकडून ठेवायचा.

चौकट
फोकसबद्दल. माळ स्पष्ट आणि मूर्ती मऊ, याचं कारण नऊही फोकस बिंदू चालू आहेत. कॅमेरा बहुधा सगळ्यात जवळच्या किंवा ज्यात ठळक फरक दिसतो त्या वस्तूला धरतो, आणि अंधाऱ्या खोलीत चमकती माळ त्याला सोपी जाते. नवांपैकी मधला एकच बिंदू क्रॉस प्रकारचा, म्हणजे आडव्या आणि उभ्या दोन्ही रेषा ओळखणारा. कमी उजेडात त्याच्यावरच विसंबा.

मागे उजव्या वरच्या कोपऱ्यात, अंगठ्याखाली भिंगाचं चिन्ह असलेलं बटण दाबा, मग सेट दाबून मधला बिंदू निवडा. फोकसची पद्धत ‘वन शॉट’ ठेवा. तो बिंदू मूर्तीच्या डोळ्यावर किंवा मुकुटाच्या कडेवर धरा, एकसारख्या रंगाच्या सोवळ्यावर नको, तिथे पकडायला रेषच नसते. हिरवा ठिपका स्थिर झाला की फोकस लागला. लुकलुकत असेल तर लागलेला नाही आणि शटर उडणारच नाही. मग बटण अर्धं दाबलेलंच ठेवून हवी ती चौकट जुळवा.

पडद्यावर बघून फोटो काढत असाल तर घरात ते टाळा. १५००डीचा लाइव्ह व्ह्यूमधला फोकस संथ आहे, आणि लांब धरलेल्या हातात कॅमेरा जास्त थरथरतो. कोपरं अंगाला टेकवा, नाहीतर सरळ दाराच्या चौकटीला टेकून उभे राहा.

व्ह्यूफाइंडरमध्येच सगळं धूसर दिसत असेल, तर त्याच्या बाजूची छोटी चाकी पिशवीत घासून फिरली असेल. आतले आकडे स्पष्ट दिसेपर्यंत फिरवा. फोटोवर तिचा काही परिणाम होत नाही, पण आपल्याला उगाच शंका येत राहते.

मिणमिणता
पट्ट्यांचं कारण एलईडी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी आणि माळा सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला कळत नाही, पण शटर जितकं वेगवान तितका तो फरक फ्रेमवर पट्ट्यांसारखा उमटतो. वर १/१०० सुचवलंय ते या कारणानेही बरोबर आहे: एक पूर्ण आवर्तन मावतं आणि पट्टे जातात. १/५० मध्ये दोन मावतात. १/१२५ किंवा १/२०० वर गेलात की परत दिसतील. लुकलुक ओळखून नेमक्या क्षणी शटर सोडण्याची सोय काही वरच्या कॅमेऱ्यांत असते, यात नाही. आळीपाळीने चमकणाऱ्या माळा असतील तर फोटोपुरत्या ‘स्थिर’वर ठेवा.

पिवळेपणाचं मूळ मिश्र उजेडात आहे. ट्यूब पांढरी, बल्ब पिवळे. कॅमेरा एकाला बरोबर करायला गेला की दुसरा बिघडतो, कुठलंही सेटिंग दोन्ही सुधारू शकत नाही. म्हणून आधी ट्यूब बंद करा किंवा मखरातले बल्ब पांढरे लावा. उजेड एका जातीचा झाला की कस्टम व्हाइट बॅलन्स (त्या उजेडात पांढरं पांढरंच दिसावं असं सेटिंग) लावा. मूर्तीच्या जागी पांढरा कागद धरायचा, लेन्सवरची कळ एएफवरून (ऑटोफोकस) एमएफवर (हाताने फोकस) न्यायची (कोऱ्या कागदावर ऑटोफोकस लागत नाही) आणि मधला भाग कागदाने भरेल असा फोटो घ्यायचा. मेन्यूत ‘कस्टम व्हाइट बॅलन्स’मध्ये तो फोटो निवडून सेट दाबा. मग व्हाइट बॅलन्सच्या यादीत जाऊन ‘कस्टम’ निवडावंच लागतं, ही शेवटची पायरी बरेच जण विसरतात. कळ परत एएफवर आणायचीही आठवण ठेवा.

समईचा सोनेरीपणा पूर्ण घालवू नका. थोडी ऊब राहिली तरच तो संध्याकाळचा फोटो वाटतो. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) काढलात तर हे नंतर संगणकावर कॅननच्या मोफत डिजिटल फोटो प्रोफेशनलमध्ये नीट बसवता येतं.

कोनमापक
खरेदीचं माझं मत: ईएफ-एस २४ एमएम एफ/२.८ घ्या. छोट्या खोलीला योग्य, १६ सेंटिमीटरवरूनही फोकस करते, नैवेद्याच्या ताटाचे फोटो छान येतील.

उजेडमाप
लेन्स चांगलीच आहे, पण यांची अडचण तिने सुटणार नाही. २४ वर यांची आताची लेन्स एफ/४ देतेच आहे. एफ/२.८ म्हणजे फक्त दुप्पट उजेड, आणि या लेन्सला आयएस नाही. एवढ्यासाठी संपूर्ण बजेट का घालवायचं?

दुसरा पर्याय ईएफ ५० एमएम एफ/१.८ एसटीएम. एफ/५.६ शी तुलना केली तर जवळजवळ दहापट उजेड. एफ/२ वर ठेवूनही यांच्या खोलीत १/१०० ला आयएसओ १६०० पुरेल. अडचण जागेची. या सेन्सरवर ५० एमएम लेन्स ३ मीटरवरून साधारण १.३ मीटर रुंद एवढाच भाग घेते. १० फुटांच्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभं राहिलात तरी मूर्ती आणि ओवाळणारी दोन माणसं एवढंच मावेल, सगळं कुटुंब नाही. शिवाय एफ/१.८ ला एक मीटरवरून जेमतेम अडीच-पावणेतीन सेंटिमीटर खोलीच धारदार येते: सोंड स्पष्ट, कान मऊ. मूर्तीसाठी दोन मीटर लांब जाऊन एफ/२.८ ठेवलंत की सतराएक सेंटिमीटर मिळतात.

त्यामुळे एकटी मूर्ती, चेहरे, लहान मुलं यांवर भर असेल तर ५० एमएम. घरातले सगळे एका फ्रेममध्ये हवे असतील तर फ्लॅश.

छतझोत
फ्लॅशबद्दल एक गोष्ट विकत घेण्याआधीच कळायला हवी. १५००डीच्या वरच्या हॉट शूमध्ये (बाहेरचा फ्लॅश बसवायची खाच) मधला संपर्कबिंदू नाही. ३०००डी आणि २००डी मार्क २ मध्येही तेच. साधे मॅन्युअल फ्लॅश आणि ट्रिगर त्या एका बिंदूवरच पेटतात, त्यामुळे ते इथे बसतात पण उडत नाहीत. म्हणून कॅननच्या ई-टीटीएल पद्धतीचाच (फ्लॅशचा उजेड कॅमेरा स्वतः मोजून ठरवतो) घ्या. दुसऱ्या कंपनीचा असेल तर तो १५००डीवर चालतो असं स्पष्ट लिहिलेलं हवं, आणि दुकानात स्वतःचा कॅमेरा नेऊन दोन फोटो काढूनच पैसे द्या.

फ्लॅशचं डोकं वर-खाली आणि आजूबाजूला वळणारंच घ्या, नाहीतर आतल्या फ्लॅशपेक्षा फारसा फायदा नाही. तुमचं छत पांढरं आहे ही मोठी सोय. डोकं सरळ वर, किंवा किंचित मागे झुकवून झोत छतावर सोडा. उजेड पसरून खाली येतो, मखर चमकत नाही, सावली मऊ होते. रंगीत किंवा लाकडी छत असतं तर तोच रंग चेहऱ्यावर उतरला असता.

सेटिंग: डायल एमवर (शटर-अ‍ॅपर्चर दोन्ही आपणच ठरवायचे), शटर १/६०, एफ/४, आयएसओ ८००. शटर जितकं संथ तितका समईचा आणि बल्बचा उजेड फोटोत जास्त उतरतो. १/२०० च्या पुढे हा कॅमेरा नेहमीच्या पद्धतीने फ्लॅश जुळवत नाही. फ्लॅशचा उजेड पांढरा आणि खोलीचा पिवळा, म्हणून फ्लॅशच्या डोक्यावर फिकट केशरी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) लावा, म्हणजे दोन्ही एका रंगात येतात.

आतलाच फ्लॅश वापरायची वेळ आली तर लेन्सचा हूड काढा, नाहीतर फोटोच्या खाली अर्धचंद्रासारखी सावली येते. आयएसओ ८०० ठेवा, आणि मूर्ती भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे असेल तर मागची सावली फ्रेमबाहेर जाते.

खारेवारे
कोकणात पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते ती दमट हवा आणि अंधार यांमुळे. कॅमेरा सोबतच्या पिशवीत घालून कपाटात ठेवणं सगळ्यात वाईट, कापड ओल धरून ठेवतं. रबरी कड असलेला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या. त्यात जाळीच्या पिशवीत केशरी सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. ६० च्या वर राहू लागला किंवा केशरी दाणे हिरवे झाले की ते मंद आचेवर पसरट भांड्यात पुन्हा केशरी होईपर्यंत तापवा आणि पूर्ण थंड झाल्यावरच डब्यात ठेवा. आर्द्रता ३० च्या खाली नेण्यातही शहाणपण नाही, रबराचे भाग कोरडे पडतात. आठवड्यातून एकदा बाहेर काढून पाच-दहा फोटो काढा.

आरतीनंतर धूप-कापराचा धूर काचेवर चिकट थर धरतो. आधी ब्लोअरने धूळ उडवा, मगच मायक्रोफायबरने पुसा. तोंडाने फुंकर मारू नका. आणि खोलीत धूर असताना लेन्स बदलू नका, ५० एमएम घेतलीत तर हे विशेष लक्षात ठेवा. सेन्सरवर डाग पडलेत का ते पांढऱ्या भिंतीचा एफ/१६ वर फोटो काढून कळतं.

सांजवात
खूप आभार. काल रात्री टीव्हीवर १/१००, मर्यादा ६४००, लेन्स २४ वर, मधला बिंदू, ट्यूब बंद. पट्टे गेले, हात स्पष्ट, रंग जवळजवळ हवा तसा. संगणकावर मोठं करून पाहिलं तर दाणे दिसतात. आयएसओ ३२०० वर ठेवून फोटो नंतर उजळ करू का?

उजेडमाप
नको. अंधारा काढून नंतर उजळवलात की सावल्यांमधले दाणे आणखी उठून येतात. आहे त्या आयएसओवर उजेड पुरेसा पडलेला फोटोच स्वच्छ दिसतो. मागे माळा खूप प्रखर असतील तर कॅमेरा फसून मूर्ती काळपट ठेवतो, तेव्हा उजेडाची भरपाई (एक्सपोजर कॉम्पेन्सेशन) +२/३ किंवा +१ करा. अंधाऱ्या गाभाऱ्यासारख्या फ्रेममध्ये फक्त समई असेल तर उलट, -२/३, म्हणजे ज्योत पांढरी फुटणार नाही.

आणि दाणे १०० टक्के मोठं करून मोजू नका. तुमची फाइल ६००० बाय ४००० पिक्सेलची. ६ बाय ४ इंचाच्या छापील फोटोला १८०० बाय १२०० पुरतात. एवढं लहान झाल्यावर ६४०० चे दाणेही बरेचसे विरतात. एक फोटो छापून बघा, मग लेन्स की फ्लॅश ते ठरवा.

सांजवात
सगळे एका फ्रेममध्ये हवेत, त्यामुळे फ्लॅश. कॅमेरा घेऊनच दुकानात जाते.