मदत हवी आहे: विंडोज ११ टाकताना एसएसडीच दिसत नाही
लॅपटॉप भाचीला द्यायचाय, म्हणून सगळं पुसून विंडोज ११ नव्याने टाकतोय. इंटेल अकरावी जनरेशन, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी. पेनड्राइव्हवरून सेटअप सुरू होतो, पण ड्राइव्ह निवडायच्या पानावर यादी कोरी. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) एसएसडी नावासकट दिसते, जुनं विंडोजही चालू होतं. पेनड्राइव्ह बदलला, पोर्ट बदलला, फरक शून्य. म्हापशातला दुकानदार म्हणतो एसएसडी बदला. चांगली चालणारी कशाला बदलू?

मला संशय बायोसमधल्या व्हीएमडीचा आहे, म्हणजे एसएसडी इंटेलच्या कंट्रोलरमागे ठेवणारी सेटिंग; त्याचा ड्रायव्हर नसेल तर सेटअपला एसएसडी दिसत नाही. बॅकअप झालाय. बॅटरी मात्र गेलेली, आणि फोंड्यात पावसात वीज सारखी जाते, तेव्हा लांबलचक प्रयोग नकोत.

व्हीएमडी बंद करून विंडोज टाकू, की चालू ठेवून सेटअपच्या 'लोड ड्रायव्हर'मधून इंटेल आरएसटी (इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर) देऊ? बंद केलं तर पुढे भाचीला काही अडचण येईल का?